भूर्जपत्रवाले काका

झाशीच्या आमच्या पार्सल ऑफिसातल्या काकांइतका दिलदार माणूस रेल्वेने दुसरा भरती केला नाही, आणि केला असता तर रेल्वे बुडाली असती. दारी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, असं कधी झालं नाही. ओरछा गेटचा भाजीवाला भाजी देऊन जाताना काकांची छत्री घेऊन गेला, तीही ऐन पावसाळ्यात. काकूंनी कपाळाला हात लावला.

एकदा बेवारस मालाच्या लिलावात काकांनी गाद्या ठेवायला पेटी घेतली. आत भूर्जपत्रांची चळत निघाली, अक्षर कुणालाच न लागणारं. भूर्जपत्र म्हणजे ताईताची वस्तू, एवढंच आम्हाला ठाऊक. काकांना तर घबाडच सापडलं. कॉलनीत कुणाची बदली झाली की काका स्टेशनात जाऊन डब्याच्या खिडकीतून एक पान आत सरकवत. "देवघरात ठेवा भैया, प्रवासात काळजी नाही." अशी पानं बीना, भोपाळ, इटारसीला गेली. मला मिळालं नाही, कारण माझी बदलीच होत नव्हती.

पुढे सांचीला निघालेले एक भिक्खू गाडी चुकल्यामुळे काकांकडे उतरले. देवघरातलं उरलेलं एकुलतं पान पाहून ते मटकन खाली बसले. "बाबूजी, यह तो बुद्धवचन है, बहुत पुराना! बाकी पोथी कहाँ है?"

काकांनी आतून रेल्वेचं टाइमटेबल आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

तेव्हापासून काकांचं अन्नावरचं मन उडालं. "बुद्धाची पोथी मी फोडली रे," म्हणत. पास काढून ते एकेका घरी जाऊन आले, पण दिलेली वस्तू मागायला तोंड उघडेना. आग्रहाखातर दोन घास खात, पानाला नमस्कार करत, पोरांच्या हातावर खाऊ ठेवून परत येत. "आणलंत का?" विचारलं की म्हणत, "पान खुशाल आहे."

निवृत्तीनंतर काका-काकू कायमचे भुसावळला निघाले. सामान सांभाळायला मी सोबत होतो. बातमी गाडीच्या आधीच पुढे पोचली होती. बीनाला जुने गार्डसाहेब सहकुटुंब हजर. पुऱ्यांचा डबा दिला आणि वर भूर्जपत्र. "आता प्रवास तुमचा आहे, काकाजी." भोपाळला तेच, इटारसीला तेच. पान परत आणा, असं कुणाला कुणी सांगितलं नव्हतं. काका मांडीवर पानं घेऊन लहान मुलासारखे रडले. मलाही राहवलं नाही.

भुसावळला मी परतीच्या गाडीत बसलो, तर सवयीने काकांचा हात खिडकीतून आत आला, हातात एक पान. मग ते थबकले, हसले आणि सगळी चळतच माझ्या मांडीवर ठेवली. "सांचीला उतर, त्या भिक्खूंना, भंतेजींना दे. तुला मात्र काही उरलं नाही रे." गाडी सुटली तरी ते प्लॅटफॉर्मवर खिसे चाचपत उभे होते.

पुढे माझीही बदली झाली. काका तोवर राहिले नव्हते. तरी गाडी हलेपर्यंत मी खिडकी उघडी ठेवली होती.