प्रेमिलाच्या हाताचा फोटो

आनंदराव मेश्राम १९७४ साली नागपुरात, इतवारीतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचा. एका दुपारी प्रेमिला नावाची बाई सुजलेला उजवा हात सांभाळत आली. नवऱ्याने लोखंडी सळईने मारलं होतं. आनंदरावने हाताचा फोटो घेतला.

"भाऊ, फोटो काढाचा हा उजेड दिसत तं नाही, मंग येते कुठून?" तिने विचारलं.

"काचेच्या नळीत तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. जबर व्होल्टेज त्याईले धातूवर आपटते. ते एकदम थांबले का एक्स-रे निंगतात."

"म्हणजे आपटल्याबिगर निंगत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा रुपराव तीच सळई घेऊन, दार लाथाडून आत घुसला. "फोटो दे! कोर्टात नेतं काय मले?"

फिल्म आत अंधारखोलीत होती. आनंदराव त्या खोलीच्या दारात आडवा उभा राहिला. पहिल्या फटक्यात त्याचं मनगट मोडलं, दुसऱ्यात कपाळ फुटलं. डोळ्यांत रक्त उतरलं, तरी तो हलला नाही. सळई तिसऱ्यांदा उठली, तेव्हा प्रेमिलाने डाव्या हाताने स्टूल उचलून रुपरावच्या टाळक्यात घातलं. तो कोसळला. बाहेरची माणसं धावून आली आणि त्यांनी त्याला बांधून ठेवलं.

आनंदरावने आपलं मोडकं मनगट यंत्राखाली ठेवलं. "मी सांगतो तवा हे बटण दाबजो, बाई." प्रेमिलाने डाव्या हाताने ते दाबलं.

कोर्टात दोन्ही फोटो गेले. रुपरावला दोन वर्षांची सजा झाली. प्रेमिला त्याच्या घरी पुन्हा कधी गेली नाही.