मरळीसमोर कान पकडले तेव्हा

माझ्या नवऱ्याने आजवर तीन मासे जिवंत गिळले आहेत आणि त्याचा जाब मला पाण्याखाली जाऊन द्यावा लागला.

(एकदम नाही गिळले. दर मृगाला एक.)

हैदराबादेत नवीन असाल तर सांगते. मृग लागला की इथे दम्याचं औषध मिळतं. मरळ नावाच्या माशाचं बोटाएवढं वळवळतं पिल्लू घ्यायचं, त्याच्या तोंडात औषधाची गोळी कोंबायची आणि ते पिल्लू आपल्या घशात सोडायचं! ज्यांना मासा चालत नाही त्यांना गुळातून देतात. आमच्या ह्यांनाही गूळ विचारला होता. पण "गुळाने साखर वाढेल" म्हणून ह्यांनी मासा पसंत केला. दमा गेला का, ते विचारू नका. मासे गेले.

आता मूळ गोष्ट. तेव्हा मी जेमतेम साठीची होते. वयच तसं वेडं! आज मागे वळून त्या पोरीकडे पाहिलं की कान उपटावेसे वाटतात. (नात मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी बसकण मारते, त्यामुळे हे सगळं तिच्या हाती लागायला वेळ आहे. म्हणून बिनधास्त लिहिते.)

एका दुपारी बरकतपुऱ्याच्या आमच्या घरात मी फोन चाळत पडले होते, तेवढ्यात जाहिरात दिसली. पाण्याखालच्या माहितीपटासाठी स्वयंसेवक पाणबुडे पाहिजेत, शिकवण्याची सोय आहे, शुल्क भरावे लागेल.

मी ह्यांना वाचून दाखवली.

"म्हणजे राबायचं आपण आणि पैसेही आपणच भरायचे?"

"हो."

"असं एकदा केलंय मी. मांडवसुद्धा माझ्याच खर्चाने होता."

एवढं ऐकल्यावर फोन न लावून कसं चालेल!

पलीकडे तन्वी नावाची मुलगी होती. पुण्याची. नोकरीसाठी हैदराबादला आली आणि नोकरी सोडून सिनेमाच्या नादाला लागली. शहराबाहेर दगडाच्या जुन्या खाणी आहेत. दगड काढून झाला, खड्डे पाण्याने भरले आणि त्या पाण्यात कुणी न बोलावता मासे राहायला आले. त्या माशांवर तिचा माहितीपट.

"काकू, पोहता येतं ना तुम्हाला?"

"येतं म्हणजे काय! परसोंच तर विहिरीत सूर मारत होते!"

"अरे वा! मग प्रश्नच नाही."

प्रश्न तिथेच होता. पुण्यात परवा म्हणजे कालच्या आदला दिवस. हैदराबादेत परसों म्हणजे कालच्या आदल्या दिवसापासून थेट चारमिनार बांधायला घेतला तिथपर्यंत कुठलाही दिवस! मी विहिरीत शेवटचा सूर मारला तो परभणीकडच्या आमच्या मळ्यात, परकर खोचून आणि पाठीला सुका भोपळा बांधून. त्यानंतर माझं लग्न झालं, पोरं झाली, पोरांची लग्नं झाली. पण परसोंचीच गोष्ट!

शिकवणीला सलीम मास्टर होते. अंबरपेठेतले. पोहण्याच्या तलावावर त्यांनी आधी मला रबरी पोशाख दिला. तो अंगावर चढवणं म्हणजे गादीला उशीचा अभ्रा घालणं! दोन अनोळखी बायका आणि पावडरचा अख्खा डबा खर्ची पडला. बाहेर आले तेव्हा मला वाकता येत नव्हतं, बसता येत नव्हतं आणि हे बाकावर बसून हसत होते.

"काय झालं हसायला?"

"काही नाही. वांग्याला पाय फुटल्यासारखं वाटलं."

मग मी पाण्यात उतरले आणि पुढच्याच क्षणी सलीम मास्टरांच्या गळ्यात होते. अक्षरशः गळ्यात! ते बिचारे गुदमरत म्हणत होते, "अम्मा, छोडो! मैं मरा तो सिखाएगा कौन?"

तन्वी काठावरून ओरडली, "काकू! तुम्ही परवा पोहल्या होतात ना?"

"परवा नाही गं! परसों!"

"म्हणजे परवाच ना?"

सलीम मास्टरांनी माझी बोटं एकेक करून मानेवरून सोडवली आणि म्हणाले, "मॅडम, यहाँ परसों बोले तो परसों. चालीस साल भी होता."

तन्वी मटकन खाली बसली. तिला दुसरं कुणी मिळालेलं नव्हतं. (पैसे भरून राबायला आणखी कोण येणार?) तिने खूप विचार करून विचारलं, "काकू, पोहू नका. पाण्याखाली एका जागी दगडासारखं बसून दिवा धराल?"

मी उत्तर द्यायच्या आत हे म्हणाले, "दगडासारखं बसेल. गप्प बसेल याची खात्री नाही देत."

मग कितीतरी रविवार मी त्या तलावात बसायला शिकले. नळीतून श्वास घ्यायचा, अडवायचा नाही. खुणांनी बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर सगळं ठीक. नुसता अंगठा वर केला तर मला वर न्या. हे मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. काही आवडलं की माझा अंगठा आपोआप वर! पाण्यात ऊन सुरेख दिसलं, अंगठा. मास्टरांनी शाबासकी दिली, अंगठा. आणि दर वेळी ते मला मांजराच्या पिल्लासारखं मानेला धरून वर आणत.

"क्या हुआ अम्मा?"

"काही नाही. छान वाटलं."

"छान लगा तो गोल करो ना! अंगूठा नक्को!"

"हौ, हौ."

अखेर पावसाळा तोंडावर आला आणि तन्वीचा फोन आला. खाणीत मरळीला पिल्लं झाली होती.

तिने समजावून सांगितलं ते असं. मरळीची पिल्लं थोडेच दिवस लालभडक असतात, मग मातकट होतात. आई आणि बाप दोघंही त्यांना क्षणभर सोडत नाहीत. गेल्या वर्षी ती पोचेपर्यंत पिल्लांचा रंग उतरला होता. आता आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला की काठावरची माती खाणीत उतरणार आणि सगळ्या पाण्याचा चहा होणार. म्हणजे उद्या सकाळी, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबा. "काकू, अख्खा माहितीपट या एका दृश्यासाठी आहे. फक्त दिवा हलवू नका."

"दिवा?" मी म्हटलं, "एक वेळ समईची ज्योत हलेल, मी हलणार नाही!"

सकाळी खाणीवर पोचलो तेव्हा ढगांतून ऊन डोकावत होतं. हे काठावर सतरंजी टाकून, दम्याचा पंप आणि सर्वपिंडीचा, म्हणजे इकडच्या तांदळाच्या थालीपिठाचा, डबा घेऊन बसले. पाणी किती खोल, असं मी विचारलं, तर मास्टर म्हणाले, कपारीपाशी दीड पुरुष. हे लगेच म्हणाले, "एक मी, अर्धा माझा दमा."

आणि मी खाली गेले.

काय सांगू! इथे माझी थट्टा थोडा वेळ बाजूला ठेवते. वरून जे काळं डबकं दिसत होतं ते आतून हिरव्या काचेचं देऊळ निघालं. छिन्नीच्या खुणा असलेल्या दगडी भिंती सरळ खाली गेलेल्या आणि उन्हाच्या लांब काठ्या तिरप्या आत उतरलेल्या. आवाज एकच, माझ्या श्वासाचा. साठ वर्षं हा श्वास माझ्याबरोबर राहत होता, पण माझ्या बडबडीत मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

कपारीत बसले. मनगटाला दोरीने बांधलेला दिवा दोन्ही हातांत धरला. शेजारी मास्टर, समोर कॅमेरा घेतलेली तन्वी. दिवा लावला आणि समोरचा गुलाल हलला!

गुलालच म्हणा. मूठभर गुलाल पाण्यात उधळावा आणि तो विरघळूच नये, उलट गोल फिरत राहावा, तसा. शेकडो इवलीशी लाल पिल्लं, एकमेकांत गुंतून फिरणारी. आणि त्यांच्याखाली, आधी मला ओंडका वाटला होता ती, हातभर लांबीची मरळ. सापासारखं डोकं. पापणी न लवणारे डोळे. ती हळूच वळली आणि थेट माझ्यासमोर येऊन थांबली.

हिला मी आजवर फक्त बाजारात आणि तव्यात पाहिलं होतं. आणि हिची तीन पोरं तर आमच्या घरातच गेली होती!

ती बघतच राहिली. मला खात्री पटली की तिला सगळं माहीत आहे. बरकतपुऱ्याचा पत्तासुद्धा. काय करावं सुचेना. बोलता येत नव्हतं आणि "त्यांनी गिळली हो, मी नाही" याला पाण्याखालची खूण मास्टरांनी शिकवली नव्हती. मग आईने लहानपणी जे शिकवलं तेच हातून झालं. मी दिवा सोडला आणि दोन्ही कान पकडले!

दिवा मनगटाच्या दोरीला लोंबकळायला लागला. उजेड खाली गेला, वर आला, भिंतीवर नाचला. तन्वी हातवारे करत होती. मरळीने माफी साफ नाकारली आणि माझ्या डोळ्यांवरच्या काचेवर धाडकन धडक दिली. मी कान सोडेना. आणि त्याच वेळी तो सगळा लाल गोळा एकदम उठला. खालून हेलकावणाऱ्या उजेडात निखाऱ्यांचा लोट उठावा तसा वर, वर निघाला आणि मागोमाग आईही. तन्वीने मागे सांगितलं होतं ते आत्ता कळलं: मरळीला नुसतं पाणी पुरत नाही, हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पिल्लांनासुद्धा.

इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. आणि इतकं आवडल्यावर जे होणार होतं तेच झालं. माझे दोन्ही अंगठे वर गेले!

मास्टरांनी मला मानगुटीला धरून वर काढलं.

डोकं बाहेर आलं, मी नळी थुंकली आणि मोठ्ठा श्वास घेतला. आजूबाजूला पाण्यावर टपटप टपटप बारीक खळ्या उमटत होत्या. पिल्लंही श्वास घेत होती. काठावर हे काळजीने उभे राहून पंप ओढत होते. त्या क्षणी त्या खाणीत आम्ही सगळे एकच काम करत होतो. ज्याला श्वास पुरत नाही त्याला नेमकं याच माशाचं पिल्लू का देत असतील, हे मला तेव्हा अर्धवट कळल्यासारखं वाटलं. नीट कळणार होतं, पण तेवढ्यात तन्वी वर आली.

"काकू," ती अगदी हळू म्हणाली, "दिवा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुपारी धो धो पाऊस आला आणि खाणीचा चहा झाला. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. मीसुद्धा! ह्यांनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

नंतर कितीतरी महिने तन्वीचा फोन नाही. मी मनातून तिचा माहितीपट बुडवून मोकळी झाले होते. आणि एक दिवस आमंत्रण आलं. विद्यानगरच्या एका सभागृहात खेळ होता. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरली.

पडदा हिरवा झाला. मरळ दिसली. लाल पिल्लं दिसली आणि तो उजेड हेलकावायला लागला. सभागृहात कुणीतरी "अरेरे" नव्हे, "अरे वा" म्हणालं! निखारे वर चढत गेले, लोक श्वास रोखून बघत राहिले. स्थिर दिव्यात हे दिसलंच नसतं, असं तन्वीने मला नंतर मिठी मारून सांगितलं. माझे डोळे भरून आले. ह्यांनी माझा हात धरला.

मग निवेदकाचा गंभीर आवाज आला: "बगळे, साप, मोठे मासे... पण या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू कोण?"

आणि पडदाभर मी! काचेमागे बटाट्याएवढे डोळे आणि दोन्ही हातांनी पकडलेले कान. जणू पोलिसांनी रंगेहाथ धरली!

सगळं सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या ह्यांच्या. तीन पोरं गिळणारा माणूस खुर्चीत मांडी घालून टाळ्या वाजवत होता आणि कान धरून पडद्यावर होते मी. तेही स्वतःचे पैसे भरून!

परसोंचीच गोष्ट आहे.