मारलं कोणाला

अ‍ॅम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेणारा प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला आणि बाळंतपणात अडलेल्या बाईचा पत्ता पडद्यावरून गेला. माझी सून अ‍ॅम्ब्युलन्सच्या ऑफिसचा सर्व्हर घरून सांभाळते; तो लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालतो. फोनवर साहेब तिच्यावर खेकसत होता, "मॅडम, तुमचं लिनक्स झोपा काढतं का?"

तिने प्रोग्रॅम चालू केला. ऑफिसातल्या मुलीने पत्ता परत विचारून गाडी धाडली. मग सून मशीनच्या नोंदी चाळू लागली.

"सापडलं, आई. मेमरी कमी पडली की लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी घेणाऱ्या प्रोग्रॅमला मारतं. बाकीचे तगावेत म्हणून."

"कमी पाडली कोणी?"

"साहेबांच्या रिपोर्टनं. याच सर्व्हरवर सारखा काढतात."

"आणि मेलं कोण?"

"फोन घेणारा प्रोग्रॅम. काम त्याच्यावर जास्त, म्हणून मेमरीही त्याचीच जास्त."

माझं डोकं फिरलं. ही रीत मला ठाऊक आहे. आमच्याकडे पाहुणे वाढले की चुलीपुढची उपाशी राहायची. जिच्यावर घर चालायचं, तिच्यातलंच कमी करायचे आणि वर म्हणायचे, निभलं बाई. माझी थोरली जाऊ तशीच झिजून गेली. ताप आला होता म्हणाले. मशीन निदान लिहून ठेवतं, कोणाला मारलं आणि कशासाठी.

"आता काय करशील?"

"साहेबांचा रिपोर्ट या सर्व्हरवरून काढून टाकते. ओरडतील."

"ओरडू दे मेल्याला."

संध्याकाळी ऑफिसातून कळलं. बाई जगली. मुलगी झाली, तीही जगली.