ठकीचं परळातलं बाळंतपण

ठकी परळात आहे हे कळल्यावर मी आधी हसले, मग घाबरले. ठकी ही आमच्या गावची रातढोकरी, म्हणजे दिवेलागणीला शिकारीला निघणारा एक बगळा. उजनीच्या काठावर आमच्या चावडीसमोरच्या चिंचेवर ती जन्मली. उडायला लागली तेव्हा अभ्यासकांनी तिच्या पाठीवर काडेपेटीहून लहान यंत्र बांधलं. ती कुठे आहे ते फोनवर ठिपक्याने दिसतं. यंदा धरणात पाणी उशिरा आलं, चिंचेवर एकही घरटं झालं नाही, आणि ठकीचा ठिपका मुंबईत जाऊन बसला. आम्ही स्वतःला या पाखरांचं माहेर म्हणवतो, दिवाळीत फटाकेसुद्धा उडवत नाही. साहजिकच गावाला घोर लागला. माझे धाकटे दीर सरपंच आणि मी शाळेत बाई. "वहिनी, सुट्टी आहे, तुम्हीच बघून या," असं त्यांनी फर्मावलं.

सकाळी दादरला उतरले आणि आधी माहीम गाठलं, कारण ठकीचा ठिपका रोज संध्याकाळी तिथल्या खाडीवर जायचा. पाणी पाहून मी नाकाला पदर लावला. डांबर पातळ करून ओतावं तसं काळं पाणी. जाळं सांधत बसलेल्या कोळीणबाई म्हणाल्या, बगळे येतात की, होड्यांजवळची बारकी बोय (खाडीतला मासा) टिपतात. मला उभी पाहून त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. चव झकास होती, पण ठकी याच पाण्यावर जगते या विचाराने घास तोंडात फिरायला लागला.

परळात मी कुठलं तरी तळं शोधत होते. ठिपका मला काचेच्या टोलेजंग इमारतींमागच्या एका चाळीत घेऊन गेला. पटांगणात एक प्रचंड रेन ट्री, त्याखाली ताडपत्रीचा गणपतीचा कारखाना. वर पाहिलं. फांदीफांदीवर घरटी! आणि एका घरट्यात ठकी, पाठीवर यंत्र, पोटाशी दोन केसाळ पिल्लं. मी मटकन एका स्कूटरवर बसले. स्कूटर शिटेने पांढरी झालेली होती, हे साडीला नंतर कळलं.

आनंदाच्या भरात दिरांना फोन लावला. "काळजी सोडा. ती मुंबईकर झाली, आता काही यायची नाही," असं चेष्टेत म्हणून टाकलं.

फोन ठेवला तेव्हा ठकीच्या फांदीवर लाल रंगाचा पट्टा दिसला. चौकशी केली तर कळलं, उद्या आगमन आहे, म्हणजे मूर्ती कारखान्यातून मंडपात नेण्याची मिरवणूक, आणि बाप्पाचा आशीर्वादाचा हात त्या फांदीला अडतो. छाटायची परवानगी आली होती, करवतवाला बिडी ओढत उभा होता. मंडळाच्या मंगेशला मी नको नको ते बोलले. तुम्हा शहरातल्या लोकांना काळीजच नाही, हेही बोलले. तो शांतपणे म्हणाला, फांदी ठेवायची तर हात काढावा लागेल, आणि बिनहाताचा बाप्पा नेला तर अख्खं लालबाग हसेल.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून सावंतकाकूंनी विचारलं, "मंगेश, बाळंतीण घरात आसताना वरचा छप्पर काढतत काय रे?"

मंगेशने करवतवाल्याला थांबायची खूण केली. म्हातारे मूर्तिकार बाहेर आले, त्यांनी वर घरट्याकडे पाहिलं. "प्राणप्रतिष्ठा झाली नाय अजून. हात मंडपात बसवू," म्हणाले. मग मूर्तीला नमस्कार करून शिडीवर चढले आणि स्वतःच रंगवलेल्या हाताचा सांधा छिन्नीने फोडायला लागले. मंगेशने शिडी धरली होती.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर शेला पांघरलेला बाप्पा त्या फांदीखालून निघाला. ढोल गल्लीबाहेर गेल्यावरच वाजले. मी मंगेशची माफी मागितली, तर त्याने मला वडापाव खाऊ घातला.

गावात उतरले तेव्हा भर दुपार होती. चावडीसमोर एवढं ऊन कुठून आलं, तेच मला कळेना. चिंच नव्हती. बुंधा होता, ओला. दीर हसतमुखाने पुढे आले. "तुम्हीच म्हणालात ना वहिनी, ती यायची नाही. म्हटलं, गणपतीच्या मंडपाला जागा होईल."

शहराला मी काळीज नाही म्हणाले होते, आणि माहेर आम्ही एका फोनवर मोडलं होतं. एक पाणी आटलं तर दुसरं हवं, म्हणून पाखरं दोन ठिकाणं धरून असतात. एवढं साधं गणित मी चेष्टेत उडवलं.

आता धरण भरलंय. पिल्लं उडाली, आणि ठकीचा ठिपका परळातून हलून घाट चढलाय. रोज थोडा पूर्वेला, आमच्याकडे. दीर विचारतात, कुठवर आली? मी फोन पालथा ठेवते.