शपथेसाठी उचललेला हात

अमेरिकेत मला नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली, पण वसुधाने, माझ्या बायकोने, भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. सांगलीत तिची आई एकटी पडली तेव्हा मी वकिलाला म्हटलं, "सासूबाईंसाठी मी अर्ज करतो."

"जावयाला तो हक्क नाही," तो म्हणाला. "मुलगीच नागरिक व्हायला हवी."

वसुधाने त्याच आठवड्यात नागरिकत्वाचा अर्ज भरला.

शपथेच्या दिवशी तिच्या शेजारी एक थकलेले गृहस्थ उभे होते. वर केलेला त्यांचा हात थरथरत होता. वसुधाने आपला उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने त्यांच्या कोपराला आधार दिला आणि शपथ पुरी केली. मागे बसून पाहताना मला वाटलं, देश बदलताना काय सुटतं याचीच आपण चर्चा करतो. जे आपसूक बरोबर येतं, ते कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

बाहेर येताच तिने फोन लावला. "आई, झाले मी इथली. आता तुझा अर्ज भरते."

"भर की," सासूबाई म्हणाल्या. "पण विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवू नकोस. मी चालत येणार आहे."