मामांचा बंदोबस्त

सोलापूर आजवर सुखरूप राहिलं ते आपल्यामुळे, असं माझ्या बायकोच्या मामांचं ठाम मत आहे, आणि ते खोडून काढण्याइतका पुरावा अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. मामा मूळचे मोहोळचे. सारी हयात सोलापूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना त्यांनी भोंग्यावरून इतकी वर्षं दिली, की निवृत्तीनंतर ती त्यांच्या अंगातच राहिली. टीव्हीवर ‘हाय अलर्ट’ची लाल पट्टी फिरू लागली, की मामा चप्पल काढून बूट घालतात. लग्नाच्या पंगतीत दाराकडे तोंड करून बसतात आणि जिलेबी वाढणाऱ्याचाही चेहरा नीट पाहून घेतात. आमच्याच लग्नात आहेराच्या एका खोक्याला त्यांनी कान लावला, आत टिकटिक ऐकली आणि कुणाला काही कळायच्या आत खोकं पाण्याच्या पिंपात बुडवलं. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. देणारे गृहस्थ जेवायला थांबले नाहीत.

सरकारने काय करावं, हे मामा रोज चहाबरोबर सांगतात. सरकारनं झोपू नये, पण ओरडूही नये, हे त्यांचं सूत्र. नुसता अलर्ट जाहीर करून माणसानं करायचं काय, हे कुणी सांगत नाही, यावर त्यांचा विशेष राग. “सरकारनं माहिती वाटावी,” ते म्हणतात. “भीती काय, लोकांना आपोआप वाटती.”

मध्यंतरी लांब उत्तरेकडे कुठंतरी हल्ला झाला आणि इथंही स्टँडवर पोलिसांचं कुत्रं फिरू लागलं. मामा दुपारची झोप सोडून तिथं जाऊन बसायला लागले. एके दिवशी मी त्यांना घरी न्यायला गेलो, तर अक्कलकोटच्या फलाटावर बाकाखाली एक काळी पिशवी त्यांना दिसली होती. तीनदा हाका मारूनही कुणी पुढं आलं नाही, तेव्हा त्यांनी रीतसर पोलिसांना सांगितलं आणि ते लोकांना मागं हटवायला लागले. मामांचा आवाज अजून भोंग्याचाच; फलाट झरझर रिकामा झाला.

तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊन एक दाढीवाला तरुण धावत आला. “मेरीच है वो, अम्मी के वास्ते पानी लाने कू गया था,” असं तो म्हणेपर्यंत चौघांनी त्याची कॉलर धरली. कुणीतरी मोबाइल उगारला, कुणी हात. मी जागचा हललो नाही. मामा मात्र त्या घोळक्यात घुसले. त्यांच्या सदऱ्याची बाही टरकली, चष्मा पडला, पण ते त्या पोरापुढं उभे राहिले.

“संशय पिशवीवर घेतलाय मी,” ते म्हणाले. “माणसावर न्हाय.”

पोलिसांनी पिशवी तपासली. कडक भाकरी, शेंगाचटणी, दोन टॉवेल आणि डोळ्यांत घालायचं औषध. लोकांनी पलीकडच्या फलाटावर आणून बसवलेली त्याची म्हातारी आई डोळ्यांवर हिरवी पट्टी लावून बसली होती. काय चाललंय हे तिला दिसत नव्हतं, ती नुसती मुलाला हाका मारत होती. वेळेवर कळवलंत, चांगलं केलंत, असं फौजदार मामांना म्हणाले. ते खरंच होतं. मामांनी मान हलवली, मायलेकांना गाडीत खिडकीची जागा धरून दिली आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. अम्मीसाठी आणलेली बाटली तोवर त्या पोराच्या हातातच होती.

त्यानंतर आठवडाभर मामांनी बूट घातले नाहीत की ते स्टँडवर गेले नाहीत.

आता ते पुन्हा स्टँडवर जातात. बेवारस पिशवी दिसली की आजही आधी पोलिसांनाच कळवतात, लोकांना लांब करतात. फक्त आता तेवढ्यावर थांबत नाहीत. पिशवीचा धनी धापा टाकत येईस्तोवर घोळक्याच्या तोंडाशी उभे राहतात, आणि तो आला की त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला स्वतः पोलिसांकडे नेतात.

“भीती नाही वाटत?” मी एकदा विचारलं.

“वाटती की,” मामा म्हणाले. “त्यालाबी वाटत असंल.”