साथीला बसू नयेत असे भाऊ

आमच्या घरमालकांइतका तबला समजणारा माणूस आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि त्यांच्याइतका बिनभरवशाचा साथीदारही सापडणार नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकतो. कारण पहिली गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगतात आणि दुसरी त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, सांगतात. मी त्यांना भाऊ म्हणतो. नात्यानं मी त्यांचा कोणी नाही, मागच्या खोलीतला भाडेकरू. पण आठवीत शाळा सोडून सोलापूरकडून इतक्या लांब येऊन पडलेल्या माणसाला संध्याकाळी कुणीतरी "जेवला का?" असं विचारावं, हे काही भाड्यात बसत नाही.

आमची ओळखही हातोड्यानं झाली. मी टायरच्या दुकानात कामाला आहे. ट्रकचं टायर रिमपासून सोडवताना हातोडा एका चालीत पडावा लागतो, नाहीतर खांदा भरून येतो. एकदा असाच ठोकत होतो, तर पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर गृहस्थ रस्त्यात उभे राहून मान डोलवायला लागले. माझा स्वभाव मुळात भित्रा. मला वाटलं, आवाजाची तक्रार आहे. मी हातोडा ठेवून दिला.

"थांबला काऊन?" ते म्हणाले. "जागा बराबर घेतली होती न बापा. कुठी रायतेस?"

"इथंच, दुकानात."

"दुकानात टायर रायतात. माणूस घरी रायते." आणि त्याच संध्याकाळी माझी कपड्यांची पेटी त्यांच्या घरी गेली.

दाद देणं हा भाऊंचा आजारच म्हणा ना. पिठाच्या गिरणीचा पट्टा ठरावीक अंतरानं फटकन वाजतो, तर हे दळण नसतानाही तिथं जाऊन उभे. शेजारीण ठेचा कुटायला बसली की कुंपणावरून "वाह" येतो, आणि ती बिचारी बत्ता घेऊन घरात जाते. एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा त्यांनी एकदा घंटीवर असा काही तुकडा वाजवला म्हणतात, की गाडी सोडायची का थांबवायची हे ड्रायव्हरला कळेना. तो उतरून मागच्या दारानं आत आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, एक काहीतरी ठरवा."

तबला ते शिकले मुलचेऱ्याकडे. त्यांची मुक्कामी गाडी एका बंगाली वस्तीत थांबायची. तिथं एक म्हातारे गुरुजी होते. प्रवासी उतरले की भाऊ त्यांच्या ओसरीवर. भात-मासे आणि तबला, दोन्ही एकाच माणसाच्या हातचं. त्यामुळे भाऊंचे बोल मराठी आणि त्यांतले काही शब्द बंगाली असं झालं आहे. पाऊस लागला की ते तबल्या-डग्ग्याला बाईंच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवतात. "चामड्याले सर्दी होते," म्हणतात. स्वतः मात्र बनियनवर फिरतात. माणसंही ते लयीवरून ओळखतात. समोरचा किराणावाला विलंबित, त्याचा पोरगा द्रुत. माझ्याबद्दल त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हा पोट्टा चांगला आहे. पण पळून राह्यला. मांगं वाघ लागल्यावानी."

आता त्यांचं खरं दुःख. बाई गातात, आणि फार गोड गातात. बुद्ध पौर्णिमेला विहारात त्यांचं गाणं असतं. चालही त्यांचीच, पेटीही त्यांचीच. लग्नानंतर पुष्कळ वर्षं साथीला भाऊ बसायचे. अडचण एवढीच, की बाईंनी एखादी चांगली जागा घेतली रे घेतली, की भाऊंचे दोन्ही हात तबल्यावरून उठून हवेत जायचे. "वाह! काय घेतली!" आणि ठेका बंद. गाणारी मधल्या मध्ये लोंबकळत. एका पौर्णिमेला तर त्यांनी शेजारच्याला ती जागा समजावून सांगायला घेतली. त्या दिवशी बाई म्हणाल्या, "अजी, तुमी एक करा. वाजवा नाईतर ऐका." तेव्हापासून त्या तबल्याशिवायच गातात. आणि तबल्याशिवायचं गाणं ऐकवत नाही म्हणून भाऊ विहाराच्या बाहेर, चपलांपाशी उभे राहतात.

बाईंच्या मागं पुन्हा तबला वाजावा, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. त्यासाठी ते भाडेकरू तयार करत. माझ्या आधीच्या दोघांनी काढता पाय घेतला होता. त्यातल्या एकानं तर बदली मागून घेतली म्हणे. मला कुठली बदली मिळणार? मी बसलो शिकायला. खरं सांगायचं तर खोली जाईल या भीतीनं बसलो होतो. गोडी मागाहून लागली.

भाऊंनी तीनताल दिला. त्यात तिसऱ्या भागात डग्गा गप्प राहतो, नुसता उजवा हात बोलतो. त्याला भाऊ गुरुजींच्या शब्दात 'फाँक' म्हणत. मी समजलो, संत्र्याची असते तशी तालाची फाक. पाठ झालं. मग बाईंनी परीक्षेला बसवलं. पेटी सुरू झाली, मी वाजवायला लागलो, आणि बाई थांबल्या.

"अरे, खाली कुठी आहे तुही?"

मी वाकून बघितलं. "बाई, खाली सतरंजी आहे."

बाई पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होत्या. "अजी, काय शिकवलं या पोट्ट्याले?"

"फाँक शिकवली."

"फाँक संत्र्याले रायते. तालाले खाली रायते."

"माह्या गुरुजीनं फाँक म्हटलं. मी फाँकच म्हणन."

हा वाद एवढा चालला की चुलीवरचा भात लागला.

शब्द कळला, पण हात ऐकेना. डग्गा गप्प झाला की मला कसंसंच व्हायचं. काहीतरी बंद पडलंय आणि ते माझ्यामुळेच, असं वाटून मी हळूच एक थाप मारून घ्यायचो. बाई म्हणाल्या, "बापू, मी श्वास तिथीच घेते. तू ते जागा भरून टाकतेस. असंच रायलं तर याही वर्षी मी एकटीच गाते." दुसऱ्या दिवशी भाऊंनी माझ्या डाव्या बाजूला शेंगदाण्यांची ताटली आणून ठेवली. फाँक आली की डाव्या हातानं एक दाणा उचलायचा आणि तोंडात टाकायचा. हात कामात राहिला की भीत नाही, हा त्यांचा हिशोब. त्या महिन्यात माझा ताल सुधारला आणि पोट बिघडलं. आणि एका दुपारी बाई पेटी मिटता मिटता म्हणाल्या, "बसू दे याले पौर्णिमेले."

पौर्णिमेला विहार भरलेला. भाऊ बऱ्याच वर्षांनी चपला काढून आत आले आणि अगदी पुढे बसले. बाईंनी त्यांना बजावलं होतं, "वाह निघालं तर गाणं बंद." गाणं सुरू झालं. पहिली खाली आली. माझा डावा हात सवयीनं उचलला गेला. उचलायला दाणा नव्हता, म्हणून तो तसाच हवेत थांबला. डग्गा गप्प राहिला. त्या गप्प जागेत मला बाईंचा श्वास ऐकू आला, आणि तो घेऊन त्या वर गेल्या. मग मी घाबरायचं विसरलो. शेवटपर्यंत भाऊंच्या तोंडून शब्द निघाला नाही.

परतताना बाई बायकांबरोबर पुढे होत्या. डग्गा माझ्या काखेत, तबला भाऊंच्या. मला राहवेना.

"भाऊ, कुठं चुकलं का?"

"नाई रे."

"मग?"

ते थोडं चालले. "एवढी वर्सं बाजूले बसलो तिच्या. मले तिचा कानच दिसे. समोरून आज पायली." पुन्हा थोडं चालले. "गाताना डोळे मिटते ती. मले ठाऊकच नोतं."

पुढून बाईंनी हाक दिली, पाय उचला म्हणून. भाऊंनी ती ऐकली असावी, पण ते रेंगाळतच राहिले. मग मीही माझी चाल कमी केली.